आमच्या इथे गोचीड नाही

ज्या समाजातल्या कुत्र्याला चार पाय असूनही चालावं लागत नाही, तो समाज प्रगत झाला असं खुशाल समजावं. या कसोटीवर दक्षिण कोरियातल्या योंगइन शहराच्या कडेला, डोंगराला पाठ लावून उभी असलेली 'ला फोरे रोयां' ही वसाहत चार पावलं पुढेच होती. (नाव फ्रेंच आहे असं बिल्डरचं म्हणणं. फ्रेंचांचं काय म्हणणं आहे ते कुणी विचारलेलं नाही.) एकूण घरं अकराशे बारा. मुलं एकशे शहाण्णव, कुत्री चारशे तीन. बाबागाड्या चारशे एकवीस, त्यांपैकी मुलांच्या अठरा. उरलेल्या गाड्यांतून कुत्री संध्याकाळची हवा खायला निघत आणि डोळे किलकिले करून जगाकडे बघत. जगाला जमिनीवरून चालावं लागतं याचं त्यांना वाईट वाटत असावं.

या सगळ्याकडे गेट क्रमांक दोनवरचे रखवालदार काका आपल्या खोक्याएवढ्या केबिनमधून सहा वर्षं बघत होते. त्याआधी एकोणतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती, त्यामुळे लोकांनी आपल्याकडे न बघता आत शिरावं याची त्यांना सवय होती. नोकरीचा करार रखवालदार पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत, तोही तीन-तीन महिन्यांचा. म्हणजे आपण भले गृहस्थ आहोत हे त्यांना वर्षातून चार वेळा सिद्ध करावं लागे, आणि त्यांनी ते आजवर न चुकता केलं होतं. वसाहतीत कुणाला नावानं ओळखायची पद्धत नव्हती. बायका 'गामजाची आई', पुरुष 'मान्दूचे बाबा'. गामजा आणि मान्दू ही अर्थातच कुत्री.

मे महिन्याच्या एका मंगळवारी नुरुंजीच्या डाव्या कानामागे गोचीड सापडली.

नुरुंजी म्हणजे अध्यक्षबाई मा ह्ये-रिम यांचा चिरंजीव: वय चार, वजन तीन किलो दोनशे ग्रॅम, रंग पांढरा, स्वभाव हळवा. भांड्याच्या तळाशी लागलेल्या भाताच्या खरपूस खरवडीवरून त्याचं नाव ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी 'कुटुंबातील चतुष्पाद सदस्य सुरक्षा समिती'ची तातडीची बैठक बोलावण्यात आली. (पाण्याची टाकी फुटली होती तेव्हा बैठकीला नऊ दिवस लागले होते. पण टाकीला आई नसते.) बैठकीला एकोणसत्तर आया आणि चौदा बाबा हजर होते. काकांना चहाच्या पेल्यांसाठी बोलावलं होतं, म्हणून तेही हजर होते.

पहिला उपाय कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवला. महिन्यातून एकदा मानेवर औषधाचे चार थेंब टाकायचे, घरी आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपून बघायच्या, झालं. हा उपाय फारच सोपा असल्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. शिवाय गेल्या वर्षी थेंब टाकले तेव्हा नुरुंजीनं दोन दिवस आईकडे पाठ फिरवली होती. गवतावर औषध फवारावं ही दुसरी सूचना. पण गवत म्हणजे काही मुलांचं मैदान नव्हे, तिथे कुत्री तोंड लावतात. तिसरी सूचना मान्दूच्या बाबांची. संशोधक लोक पांढरं कापड गवतावरून ओढत नेतात आणि गोचिडी त्याला चिकटतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"पण कापडाला ऊब नसते ना!" गामजाची आई म्हणाली. "गोचीड उबेला येते. श्वासाला येते."

"म्हणजे ऊबदार कापड हवं," मान्दूचे बाबा म्हणाले.

"आणि श्वास घेणारं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळी सभा हळूहळू काकांकडे वळली. काकांनी पेल्यांचा ट्रे खाली ठेवला.

ठराव एकमतानं झाला. रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा, कुत्री बाहेर पडायच्या आधी, काकांनी पांढरा सदरा, पांढरी विजार आणि पांढरे मोजे घालून हिरवळीवर चार फेऱ्या माराव्यात. प्रत्येक झुडपापाशी एक मिनिट थांबून ठसठशीत श्वास घ्यावा. मग केबिनमध्ये येऊन अंगावरच्या गोचिडी चिमट्यानं काढाव्यात, सोजू या स्वस्त दारूनं अर्ध्या भरलेल्या बाटलीत टाकाव्यात आणि वहीत आकडा लिहावा. काकांनी अंगाला लावायला गोचिडींचं मलम मागितलं. अध्यक्षबाईंनी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं, "काका, असं काय करताय? मलम लावलंत तर त्या येणार कशा?" काकांनी मोज्यांचं माप सांगितलं. खरं सांगायचं तर या युक्तिवादात मलाही खोट काढता येत नाही.

योजना झकास चालली. पहिल्याच आठवड्यात सदतीस. कुत्र्यांच्या अंगावर शून्य. त्या आठवड्यात कुत्री मुळात गाडीतून उतरलीच नव्हती, हा मुद्दा कुणी काढला नाही, कारण यशाच्या वेळी असे मुद्दे काढणारा माणूस वसाहतीत कुणाला आवडत नाही.

अडचण आली ती सूचनाफलकामुळे. अध्यक्षबाईंनी आकडे अभिमानानं लिफ्टमध्ये लावले आणि तासाभरात घरांची दलाली करणारे ब्योन साहेब धापा टाकत आले. "नुरुंजीच्या आई, काय करताय हे? 'गोचीड' शब्द वाचला की गिऱ्हाईक पळतं! त्या गोचिडीच्या तापानं माणसं मरतात, टीव्हीवर दाखवतात रोज. उद्या आपली घरं कोण घेईल?" कागद निघाला. ठराव क्रमांक सात संमत झाला: *या वसाहतीत गोचीड नाही.* गेटवर 'गोचीडमुक्त वसाहत' अशी पितळी पाटी लागली. वहीत गोचिडींऐवजी 'बिया' लिहायचं ठरलं. बाहेरच्या कुणी विचारलंच तर काय सांगायचं, ते अध्यक्षबाईंनी काकांकडून सहा वेळा घोटून घेतलं.

"आमच्या इथे गोचीड नाही."

"जरा हसून म्हणा, काका."

"आमच्या इथे गोचीड नाही."

जूनमध्ये दोनशे चार बिया, जुलैमध्ये तीनशे एकोणीस. पावसाळ्यानंतर डोंगरावरची हरणं कुंपणाशी येऊ लागली तशी बियांना बरकत आली. बाबागाडी ढकलणाऱ्या आया जाता जाता विचारत, "काय काका, आज किती बिया?" आणि काका आकडा सांगत. त्यांना त्या आकड्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो, आणि संस्था चालतात त्या याच्याच जोरावर.

घरी मात्र त्यांची बायको माल-सुन रोज त्यांना दिव्याखाली उभं करून तपासायची. सप्टेंबरात एके दिवशी तिला त्यांच्या गुडघ्यामागे एक सापडली. रक्त पिऊन टम्म फुगलेली.

"अहो! ही तर आत रुतलीय! गोचीड..."

"हळू बोल."

"का? या घरात कुणाचा कुत्रा झोपलाय?"

"करार तीस तारखेला संपतोय," काका म्हणाले. "एवढा एकदा होऊ दे."

"करार होऊ दे म्हणे! त्यावर सही करायला तुम्ही तरी राहायला हवे ना! त्या कुत्र्याला गाडी, कुत्र्याला छत्री, कुत्र्याला गारव्याची गादी, आणि माझ्या नवऱ्याला पांढरा पायजमा घालून किड्यांना वाढतात!"

तिच्या बोलण्यात तोल नव्हता. तिला वसाहतीचा दृष्टिकोन कधी कळलाच नाही.

आठव्या दिवशी काकांना ताप भरला. दहाव्या दिवशी ते केबिनमध्ये खुर्चीवरून घसरले. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं, फळांच्या रसाचा खोकाही बरोबर घेतला. हे त्यांचं मोठेपण नमूद केलं पाहिजे. माल-सुन वाटेत केबिनमध्ये डोकावून धावत तिथे पोचली. रक्ताचा कागद बघून तरुण डॉक्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजोबा, गवतात जाता का तुम्ही? गोचीड चावली होती का? नीट आठवून सांगा. उपचार कुठल्या दिशेनं करायचे ते यावर आहे."

काकांचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. तीस तारखेला चार दिवस होते.

"आमच्या इथे गोचीड नाही," ते म्हणाले. हसूनसुद्धा म्हणाले.

"छुसक आलंय ना जवळ," अध्यक्षबाईंनी तत्परतेनं पुस्ती जोडली. "हल्ली सगळेच गावाकडे पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला जातात. तिथेच काहीतरी झालं असेल, बिचाऱ्यांना."

स्पष्टीकरण उत्तम होतं. दर वर्षी या सणाच्या तोंडावर निम्मा देश थडग्यांवरचं गवत कापतो आणि त्यातले काही जण खरोखरच तापानं पडतात. डॉक्टरनं मान डोलावून लिहायला घेतलं.

"आमच्या ह्यांचे पूर्वज राख होऊन बरणीत बसलेत हो," माल-सुन म्हणाली. "अस्थिगृहाच्या चौथ्या मजल्यावर, काचेच्या कपाटात. बरणीवर गवत उगवत नाही." आणि तिनं पिशवीतून केबिनमधली सोजूची बाटली काढून डॉक्टरच्या टेबलावर आपटली. तळाशी दोन बोटं जाडीचा काळा थर होता. "या आमच्या बिया. तेराशे बावन्न आहेत. मोजून घ्या, आणि ह्यांना वाचवा आता."

अध्यक्षबाईंचं पहिलं वाक्य असं होतं: "ती बाटली वसाहतीची मालमत्ता आहे."

काकांना वेगळ्या खोलीत हलवलं. या तापावर नेमकं औषध नाही. सलाइन लावायचं, रक्त द्यायचं आणि वाट बघायची. माल-सुननं काचेपलीकडून एकोणीस दिवस वाट बघितली. वसाहतीनंही आपलं कर्तव्य केलं. सगळ्या चारशे तीन कुत्र्यांची रक्ततपासणी झाली आणि सगळी ठणठणीत निघाली. लिफ्टमध्ये सूचना लागली: 'गेट क्र. २ चे काका वैयक्तिक कारणास्तव रजेवर आहेत. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कृपया आपल्या बाळांना गाडीतून उतरवू नये.' खाली कुणीतरी रडणारा चेहरा काढला होता. तो दुसऱ्या वाक्यासाठी होता असं म्हणतात.

काका वाचले. अकरा किलो उतरले, पण वाचले. केबिनच्या किल्ल्या परत द्यायला आले तेव्हा बाबागाडीतल्या नुरुंजीनं त्यांना लांबूनच ओळखलं आणि सगळी गाडी हलेपर्यंत शेपटी हलवली. बाईही आनंदल्या.

"काका! बरं झालं आलात. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. हा ताप एकदा होऊन गेला की परत सहसा होत नाही म्हणे. म्हणजे बघा, या कामाला तुमच्याइतका लायक माणूस आता अख्ख्या शहरात सापडणार नाही! समितीनं ठरवलंय, तीन महिन्यांचं सोडा, पूर्ण वर्षाचा करार. कंपनीमार्फत नाही, थेट आमच्याशी."

त्यांनी पर्समधून करार काढला, गाडीच्या छतावर पसरला, पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीवर अडखळल्या.

"अय्या, काका... तुमचं नाव काय हो?"

काकांनी किल्ल्या नुरुंजीच्या गादीवर ठेवल्या. सहा वेळा घोटलेला सूर त्यांना अजून पाठ होता, हसूही जागच्या जागी आलं.

"तसा माणूस आमच्या इथे नाही, बाई. ठरावात लिहून घ्या."

ते गेटबाहेर पडले. बाई पेन धरून तशाच उभ्या राहिल्या. हसा त्यांना, हसण्यासारख्याच आहेत त्या. नुरुंजीचं वजन तुम्हाला आता तोंडपाठ आहे, गोचीड कुठल्या कानामागे निघाली तेही. काकांच्या तापानं तुम्ही थोडेफार हळहळलातही असाल. त्यांचं नाव मी तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि बाईंनी निदान शेवटी विचारलं तरी.