रुमालाखालचे सात दिवस

उखर्डू नानांनी मला फसवलं. मी, भिकन, बैलांचा दलाल, तीस वर्षं बाजारात उभा आहे. दात बघून बैलाचं वय सांगतो आणि डोळे बघून मालकाची गरज सांगतो. मला आजवर एकाही व्यापाऱ्याने फसवलेलं नाही. फसवलं ते एका रिटायर कंडक्टरने, दिवसाढवळ्या, अख्ख्या कमिटीसमोर.

नाना कंडक्टर होते हे सांगावं लागत नाही. पारोळा-धुळे रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली आणि रिटायर झाले तरी घंटी सुटली नाही. घराच्या दाराला त्यांनी दोरी बांधून घंटी लावलीय. बोलणाऱ्याचं बोलणं पटलं नाही तर एकदा ओढतात, म्हणजे थांबा. पटलं तर दोनदा, म्हणजे चालू द्या. त्यांची बायको, आमची अक्का, होती तोवर दोन घंट्यांशिवाय जेवण वाढलं जात नसे. अक्काच म्हणायची, "लगीन करतांना माले काय माहीत, मी एस्टीमा चढी राहिनू!"

आणि एक वाक्य. "मांगे सरका, मांगे जागा शे!" तीस वर्षं गच्च भरलेल्या गाडीत नाना हे ओरडत राहिले. मागे कधीच जागा नसायची. लोक म्हणायचे, नाना, देवाला तरी भ्या. पण कोरोना आला आणि नानांचं हे वाक्य पहिल्यांदा खरं ठरलं. रस्ते ओस, बाजार ओस, मागे जागाच जागा. नाना एकदम गावाचे मालक झाले.

आमचं गाव धुळे जिल्ह्याच्या हद्दीला लागून. आम्ही जळगाव जिल्ह्यात, आमच्या सोयरिकी धुळे जिल्ह्यात. आमचा दवाखाना धुळ्याचा, आमचं लग्नाचं कापड धुळ्याचं. आणि एके दिवशी हुकूम आला की जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. ओलांडायची तर पास काढा, परत येताना नाकात काडी घालून तपासणी करा, आणि रिपोर्ट चांगला येईपर्यंत गावाच्या शाळेत राहा. गावाने कमिटी नेमली. कमिटीत नाना. वेशीवर बांबू आडवा टाकला, त्याला घराची घंटी सोडून आणून लावली, आणि खुर्ची टाकून बसले. कागद हातात घेत नसत. अक्काच्या चुलीतला लांब चिमटा होता, त्याने धरायचे आणि उन्हात वाळवून वाचायचे.

तेव्हापासून गावात दोन पक्ष पडले. बंद ठेवा म्हणणारे आणि उघडा म्हणणारे. बंदवाल्यांचे पुढारी नाना, उघडावाल्यांचा मी. माझं म्हणणं सोपं होतं. बैल काय पास काढून म्हातारा होणार आहे? पेरणी थांबणार आहे? रोज सकाळी पंचायतीच्या ओट्यावर आम्ही सहा-सहा फुटांवर उभे राहून भांडायचो. अंतर ठेवल्यामुळे आवाज चढवावा लागायचा, त्यामुळे ज्यांना भांडायचं नव्हतं तेही घरात बसून भांडणात पडायचे.

"माणूस बंद तर रोग बंद!" नाना म्हणायचे.

"मग बैलांचीही तपासणी करा नाना!"

"करसूत! पहिली तुन्ही करसूत!"

घंटी एकदा. वाद बंद.

नानांचा हा नियम दुसऱ्यांसाठीच होता असं मी म्हणू शकत नाही, हे मला मान्य करावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. नानांची एकुलती एक लेक मंगल, धुळ्याला दिलेली. आखाजीच्या दिवशी ती स्कुटीवर नाही-नाही त्या शेतरस्त्यांनी बांबूपर्यंत आली. अक्का गेल्यानंतरची ती दुसरी आखाजी. वाटलं, आता नाना बांबू उचलतील. नानांनी एकदा घंटी ओढली. मग आंब्यांची टोपली बांबूवर ठेवली आणि म्हणाले, "मांगे सरक, पोरी. मी मांगे सरकस, मग उचल." ती टोपली उचलून रडत होती आणि हे दोनदा घंटी ओढून तिला जायला सांगत होते. गाव म्हणालं, माणूस असावा तर असा. मी म्हणालो, दगड असावा तर असा. तेही त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

आता माझ्या फसवणुकीकडे येतो.

पेरणीच्या तोंडावर मला धुळ्यापलीकडे एक बैलजोडी बघायला जावं लागलं. पास काढला, गेलो, सौदा केला, आलो. हद्दीवर तपासणीवाल्यांनी नाकात काडी घातली. इतकी आत, की मला माझं बालपण आठवलं. मग फॉर्म भरणारा म्हणाला, "रिपोर्ट उद्या मोबाईलवर येईल. नंबर सांगा."

सरकारी कागदावर आपला नंबर द्यायचा नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. एकदा नंबर दिला की आयुष्यभर फोन येतात. तरी नंबर तर द्यायला हवा. मी नानांचा दिला. म्हटलं, येऊ देत फोन, बसू दे म्हातारा उत्तरं देत. रस्ताभर मी एकटाच हसत होतो.

गावी पोहोचलो. घंटी एकदा. शाळेच्या एका वर्गात माझी रवानगी झाली. आणि तिथे बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझा रिपोर्ट आला तरी तो नानांच्या फोनवर येणार, आणि नानांना विचारायचं तर आधी चोरी कबूल करावी लागणार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कमिटी शाळेच्या पटांगणात बसली. गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई वही घेऊन आल्या.

"भिकनभाऊ, रिपोर्ट आला का?"

"नाही."

"नंबर कोणता दिलाय?"

मी खोकलो. त्या दिवसांत खोकणं ही फार मोठी चूक होती. सगळी कमिटी चार पावलं मागे गेली. नाना मात्र आहेत तिथेच होते आणि लिंबाच्या झाडावरचा कावळा फार लक्ष देऊन बघत होते.

"रिपोर्ट नही, म्हणजे चौदा दिन," नाना म्हणाले.

मी भडकलो. चौदा दिवस? माझे बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधलेले, इकडे पेरणीचे दिवस! अर्धी कमिटी म्हणे चौदा, अर्धी म्हणे तीन, एकजण म्हणे ह्याला पुन्हा धुळ्यालाच सोडा. तासभर गदारोळ झाला. शेवटी मी खांद्यावरचा रुमाल काढला.

"तोंडाचा सौदा नको. नाना, रुमालाखाली या!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसतो. त्या रुमालाखाली मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. मला वाटलं, कागदही चिमट्याने धरणारा हा माणूस नाही म्हणेल आणि मी ओरडेन, बघा, पळाले!

नाना उठले. बाटलीतलं औषध स्वतःच्या हातांवर कोपरापर्यंत ओतलं, माझ्या हातांवर ओतलं, आणि हात पुढे केला. "टाक रुमाल."

इथेच मला शंका यायला हवी होती.

रुमालाखाली मी दोन बोटं दाबली. नानांनी पंजा दोनदा आणि वर चार बोटं. मी तीन. त्यांनी बारा. मी चार. त्यांनी दहा. माझ्या हातात त्यांचा हात होता. वाळलेल्या शेंगेसारखा, हलका. मी पाच म्हटलं आणि नेटाने धरून ठेवलं. ते सातवर आले आणि तिथेच थांबले. मग बोटं सोडायची असतात. त्यांनी जरा उशिराच सोडली.

मी रुमाल झटकून ओरडलो, "चौदाचे सात केले! कोण आहे का असा माई का लाल?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आशाताई वहीवर पेन आपटत म्हणाल्या, "टाळ्या काय वाजवता? नानांनी भाऊंचा हात पाच मिनिटं धरला. नानासुद्धा आत!"

असं हसू मी त्या वर्षात गावात ऐकलं नव्हतं. बंद पक्षाचा पुढारी स्वतःच बंद! मी तर हसून हसून जमिनीवर बसलो. नानांनी मान हलवली, "नियम म्हणजे नियम," म्हणाले, आणि बाकाखालून स्वतःची वळकटी काढली. दोरीने बांधलेली, वर तांब्या अडकवलेला. मी म्हटलं, शिस्तीचा माणूस, कायम तयारीत असतो.

तीस वर्षं बाजारात काढलेला मी. असं म्हटलं.

ते सात दिवस. काय सांगू? चौथीच्या वर्गात ते या भिंतीला, मी त्या भिंतीला. मधे बाक आडवे लावून नानांनी गाडी केली. सकाळी दोन घंट्या, दिवस सुरू. घंटी नव्हती तर तांब्या वाजवायचे. दुपारी धुळ्याची फेरी. एकेक थांबा घ्यायचा आणि तिथे कोण चढायचं, कोणाची कोंबडी गाडीत सुटली होती, कोणती नवरी माहेर सुटताना इतकी रडली की ड्रायव्हरने गाडी थांबवली, हे सांगायचं. धुळं यायला तीन-तीन तास लागायचे. मी प्रवासी. मधेच उतरायची सोय नाही.

डबा माझ्या घरून यायचा. माझी बायको सुशीला कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा पाठवायची, दोघांचा. पहिल्या दिवशी नानांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले.

"काय झालं नाना? तिखट आहे?"

"नही रे. गरम शे."

अक्का गेल्यापासून ते सकाळी एकदाच खिचडी शिजवायचे आणि तीच संध्याकाळी थंड खायचे, हे मला तिथे कळलं. आमच्या दोन घरांमध्ये पाच घरं आहेत. पाच.

भांडण मात्र रोज ठरलेलं. हद्द उघडायची की बंद ठेवायची. चौथ्या दिवशी मी चिडून म्हणालो, "माणूस बंद तर रोग बंद, ठीक. पण बंद घरात एकटा बसलेला माणूस कशाने मरतो, त्याची तपासणी कोणत्या नाक्यावर होते?"

मला वाटलं, आता तांब्या वाजेल. नानांनी वाजवला नाही. फळ्याकडे बघून म्हणाले, "आखाजीले पोरगी उनी व्हती. मी तिले हात नही लावा." मग लगेच, "चाल, फेरीनी येळ व्हई गयी," म्हणून दोनदा तांब्या वाजवला आणि गाडी धुळ्याला सोडली.

आठव्या दिवशी आम्ही सुटलो. रिपोर्टचं कोणी विचारलं नाही, आम्ही दोघेही ठणठणीत होतो. मी बैल आणले, पेरणी झाली. आणि गावभर, बाजारभर, पार चाळीसगावपर्यंत सांगत सुटलो की मी उखर्डू नानांना चौदावरून सातवर आणलं. इतकी वर्षं सांगतोय.

मागच्या आठवड्यात मंगलने नानांना नवा फोन घेतला आणि पंधरा दिवसांसाठी धुळ्याला नेलं. जाताना नाना दारात आले. "हाऊ जुना फोन तुले. चांगला शे. फेकू नको." बटणांचा फोन. मी म्हटलं, वापरू. आधी त्यातला कचरा काढू म्हणून संदेश उघडले. कचरा नव्हताच. सगळं पुसलेलं होतं. फक्त एक संदेश ठेवला होता. इंग्रजीत माझं नाव आणि पुढे: निगेटिव्ह. कमिटी बसली त्याच दिवशीचा. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा.

म्हणजे चार वाजता जेव्हा ते कावळा बघत होते, तेव्हा मी घरी जायला मोकळा होतो! म्हणून तर उघडा हात पुढे केला. त्यांना माहीत होतं, या हाताला काही झालेलं नाही.

मी फोन आपटायला उचलला. सुशीलाने धरला, वाचला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हणजे म्हणूनच! अहो, त्या दिवशी जेवणवेळेलाच नाना दारात आले होते. सहा फुटांवरून म्हणाले, सुशीला, संध्याकाळपासून डबा दोघांचा पाठव."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आत होता. आणि खरं सांगू, मलाही सात दिवस घरात शांतता होती."

मग वळकटी आठवली. सौद्यात जो लवकर खाली येतो तो गरजवंत असतो, हे मी पोरांना शिकवतो. नाना चौदावरून सातवर सरासर उतरले आणि मला वाटलं, माझ्या बोटांची कमाल. त्यांची बोटं सुटत नव्हती, तेही मला कळलं नाही. ज्याला बैलाच्या डोळ्यांतून मालकाची गरज दिसते, त्याला पाच घरांपलीकडची दिसली नाही.

नाना येत्या शनिवारी धुळ्याहून परत येताहेत. मी त्यांच्या दाराची घंटी सोडून आणणार आणि वेशीवर खुर्ची टाकून बसणार आहे. रुमाल खांद्यावर. गाडीतून उतरले की एक घंटी, थांबा. मग गावासमोर मी विचारणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय दुसरी घंटी देणार नाही.

नाना, मला कोंडलंत त्याचं काही नाही. पण माझ्याशी सौदा करताना सातवर का उतरलात? धरून ठेवायचं होतं. जरा ताणलं असतंत तर मी चौदा दिले असते. माझे राहिलेले सात दिवस कुठे आहेत, याचा जबाब द्या.