बाबारावकाकांच्या तीन वाटण्या

आमच्या शेजारचे बाबारावकाका कॉम्प्युटरला शेत समजतात. सगळी नोकरी अमरावती जिल्ह्यातल्या लोकांची वावरं मोजण्यात गेली. त्यामुळे डिस्क भरल्याची लाल पट्टी दिसली की ते कुंपणावरून मला हाक मारतात, "अविनाश, ये बरं! कोनं तरी धुरा सरकवला!"

धुरा म्हणजे शेताचा बांध. तो सरकवणारे संशयितही ठरलेले. आधी व्हायरस, मग केबलवाला, मग मी. "परवा इतकी जागा मोकळी होती. तू बसला अन् गेली."

मी नको त्या फायली उडवतो, कचऱ्याची टोपली रिकामी करतो. काका शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक क्लिकला हरकत घेतात. "ते काहून मिटवलं? नोटीस देल्ली का?" चार दिवसांनी जागा पुन्हा गायब, पुन्हा हाक. खरं सांगतो, मला त्या हाकेची धास्ती बसली होती. घरात असून "ते बाहेर गेलेत" असं मी बायकोकडून वदवलं आहे.

गेल्या रविवारी ठरवलं, आज मूळच शोधायचं. कोणता फोल्डर किती जागा खातो ते बघत गेलो आणि चोर सापडला. काकू गेल्यावर काकांनी घरातले सगळे अल्बम, लग्नांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घालून घेतल्या होत्या. मग आपल्या तीन मुलांच्या नावाने त्याच्या तीन वाटण्या. विलास, संजय, प्रमोद. कुणाला कमीजास्त नको म्हणून प्रत्येकाला सगळंच. एखादा जुना फोटो नव्याने सापडला की अख्खी वाटणी पहिल्यापासून पुन्हा, आणि आधीचीही तशीच ठेवलेली.

"जुनी कशाला ठेवता, काका?"

"जुना रेकॉर्ड फाडाचा नसते. नोकरी गेली असती माही."

ते चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात मी एकसारख्या फायली हुडकून एकच प्रत ठेवणारा प्रोग्राम चालवला. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर दिवस गेला असता, आणि मला घरी जायचं होतं. अर्ध्याहून जास्त डिस्क मोकळी झाली.

काका चहा घेऊन आले. मोकळी जागा बघून त्यांनी चष्मा लावला आणि प्रमोदचा फोल्डर उघडला. रिकामा. संजयचा रिकामा. विलास थोरला, त्याचा फोल्डर सगळ्यात जुना, म्हणून सगळं त्याच्या नावावर उरलं होतं.

मला वाटलं, आता ओरडतील.

"मोठ्याले सारं?" ते म्हणाले. मग चष्मा काढून, "असं लोकायच्या घरी होते रे. मोजाले जायचो तवा पाह्यलं म्या."

"काका, हरवलं काहीच नाही. तिघांच्याही मोबाइलवर आत्ता पाठवतो. कायमचा प्रश्न मिटेल."

त्यांनी माऊसवरचा माझा हात धरला. "पाठवू नको."

विलास पुण्याला असतो, संजय हैदराबादला. प्रमोद अकोल्याला, दोन-अडीच तासांवर. काकूंच्या तेरवीनंतर तिघांपैकी कुणी आलेलं नाही, हे गल्लीला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

"ते फोन करतेत, बाबा, फोटो पाठवा. मी सांगतो, लय मोठे आहेत, फोनात मावत नाईत. आपापली वाटनी येऊन घेऊन जा." काकांनी चहा बशीत ओतला, प्यायले मात्र नाहीत. "आपल्या वाटनीले मानूस येतेच, अविनाश. भांडाले तरी येते."

मी विलासच्या फोल्डरातलं सगळं निवडलं आणि संजयच्या नावावर उतरवायला घेतलं.

"संजयचं राहू दे," काका म्हणाले. "प्रमोदचं कर पहिले. तो जवळ आहे. अवचित येऊ शकते."