तारप्याला पाठ नाय

"पांढरा सदरा घाल. आज बिशप येनारेत."

"मला वाजवाया बोलावलंय का लगीन लावाया?"

सकाळपासून सकुबाईचं आणि नवसूचं हे असं चाललं होतं. एरवी ती केव्हाच भडकली असती. पण आज तिचा नवरा चर्चच्या आत येणार होता, त्यामुळे तिने सगळं गिळलं आणि सदऱ्याचं तुटलेलं बटणही मुकाट्याने लावून दिलं.

नवसू म्हणजे पाड्यावरचा तारपा वाजवणारा. दुध्या भोपळ्याचं आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य त्याने तोंडाला लावलं, की घरोघरी चुलीवरचं कालवण करपायचं, कारण बाया नाचायला पळालेल्या असायच्या. लेक वैष्णवी पोटात असताना तो एकदा तारपा घेऊन चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला आला होता. तेव्हाचे फादर अगदी गोड आवाजात म्हणाले, "नवसू, तो भोपळा तेवढा बाहेर ठेव." नवसूही तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "तारपा भायेर, तं मी बी भायेर." आणि तो अंगणातल्या चिंचेखालच्या दगडावर जाऊन बसला.

आता वैष्णवी किन्हवलीला कॉलेजात जाते, तरी गडी दर रविवारी त्याच दगडावर. येताना दोघं बरोबर, जाताना दोघं बरोबर, मधल्या वेळात ही आत आणि तो बाहेर. शेजारची ती रिकामी जागा सकुबाईला फार लागायची. उपदेश सुरू झाला की बाकीच्या बाया आपापल्या पेंगणाऱ्या नवऱ्याला कोपराने ढोसायच्या. हिला ढोसायलासुद्धा कुणी नव्हतं.

म्हणूनच वसईहून आलेल्या नव्या फादर ऑल्विननी जेव्हा सांगितलं, की नव्या भाताच्या मिस्साला चर्चमध्ये तारपा वाजला पाहिजे, इथल्या प्रार्थनेत इथलंच संगीत हवं, तेव्हा सकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आज ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. शेजारच्या जागेवर म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला कोरा टॉवेल पसरला.

"सरक गो जरा," शेजारची सावळी म्हणाली.

"हितं नवसू बसनार हाय."

"तो वाजवंल का बसंल?"

"वाजवून झाल्यावं बसंल. तू जा पुढं."

सावळी तोंड वाकडं करून पुढच्या बाकावर गेली.

फादरांनी सगळा बारीक विचार केला होता. गाणारी मंडळी आणि आदेशचा कीबोर्ड मागे दाराशी असायचा, म्हणून नवसूलाही तिथेच उभं केलं होतं. तालमीच्या वेळी बाक रिकामे असल्यामुळे काही बिघडलं नव्हतं. आज ते भरलेले होते.

बिशप वेदीपाशी उभे राहिले, फादरांनी मान हलवली आणि मागून तारपा घुमला. त्याबरोबर सावळी गर्रकन मागे वळली. तारपा वाजताना त्याला पाठ दाखवायची नाही, हे पाड्यावरचं पोर चालण्याआधी शिकतं. तिच्यामागे तिचा बाक वळला, मग दुसरा, मग सगळेच. बिशपांसमोर आता नुसते अंबाडे, गजरे आणि दोन-तीन टकलं उरली.

फादर माइकवर कुजबुजले, त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू आलं. "अहो, इकडे तोंड करा. वेदीकडे!"

"तारप्याला पाठ नाय दावत, फादर!" सावळीने पाठमोरी राहूनच उत्तर दिलं.

"पण देवाला पाठ होतेय!"

"देव समजून घेतो. तारपा नाय घेत!"

सकुबाईची मात्र पंचाईत झाली. मागे वळावं तर फादरांचा अपमान, न वळावं तर नवऱ्याचा. शेवटी ती बाकावर आडवी बसली, एक खांदा वेदीकडे आणि एक दाराकडे.

मग फादरांना तोडगा सुचला. त्यांनी दोन्ही हातांनी खुणावलं. "नवसू! पुढे या, पुढे!"

वाजवणं थांबवून गुपचूप पुढे या, असं त्यांना म्हणायचं होतं. नवसू वाजवतच निघाला. आता तारपा चालायला लागल्यावर कोण बसून राहतंय? सावळीने शेजारणीच्या कमरेत हात घातला, तिने पलीकडचीच्या, आणि बघता बघता रांग लागली. नवसू वेदीपर्यंत आला. तिथे फेर धरायला जागा नव्हती. त्याचे डोळे मिटलेले, गाल फुगलेले. बाजूच्या उघड्या दारातून वारा आला, तशी स्वारी वाऱ्याकडे वळली आणि सरळ अंगणात गेली. अख्खी रांग त्याच्यामागे. शेवटी आदेशही कीबोर्ड टाकून पळाला.

चर्चमध्ये उरले बिशप, फादर आणि सकुबाई.

"कधी थांबेल तो?" फादरांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"लग्नात तं पहाट व्हते," सकुबाईने खरं ते सांगितलं.

फादर वेदीच्या पायरीवर मटकन बसले. "बिशप, माफ करा. माझी चूक झाली. यापुढे तारपा बंद."

सकुबाईने शेजारचा टॉवेल उचलला. म्हणजे पुन्हा तो दगड आणि पुन्हा ही रिकामी जागा. तिने तो घट्ट धरला.

बिशप खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत होते. त्यांचा एक पाय ताल धरत होता. ते म्हणाले, "फादर, ही वेदी उचलते का हो?"

"टेबलच आहे ते. सागाचं."

"मग धरा तिकडून."

चिंचेखाली टेबल मांडलं गेलं, बाजूला नवसू आणि भोवती फेर. आता कुणाचीच कुणाला पाठ होत नव्हती. बिशपांसाठी एक बाक हवा होता, म्हणून चौघं आत आले.

"सकुबाई, उठा. बाक न्यायचाय."

"नाय उठत! त्याला आत आनाया माजा जल्म गेला, आन तुमी समदेच भायेर?"

पुष्कळ विनवण्या झाल्या. शेवटी त्यांनी तिला बाकासकट उचललं आणि सपाट जागा बघून, नेमक्या त्या दगडाला खेटून ठेवलं. बिशपांनी मग कीबोर्डच्या स्टुलावर भागवलं.

चाल पुरी झाली. नवसूने तारपा टेबलाला टेकवला, येऊन सकुबाईशेजारी आपल्या दगडावर बसला आणि तिच्या हातातला टॉवेल घेऊन घाम पुसला. सकुबाईला भरून आलं. तिने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात बिशपांचा उपदेश सुरू झाला आणि नवसू पेंगायला लागला.

इतक्या वर्षांनी सकुबाईने कोपर उचललं आणि मनापासून ढोसलं.

"ऊठ! एवढ्या वर्सांनी आलास, आन झोपतोस?"

नवसूने एक डोळा उघडला.

"मी कुटं आलो? मी तं हितंच बसतो. तूच आलीस आज."