श्रीमंतांची आंघोळ

"रविवारी पानिपतात मराठे जिंकणार!" अविनाश चौबळने जेवता जेवता जाहीर केलं आणि हातातला पोळीचा तुकडा तलवारीसारखा हवेत फिरवला.

"कोण मराठे?" त्याच्या बायकोने, लतिकाने आमटी वाढत विचारलं.

"मी आणि श्रीमंत!"

श्रीमंत म्हणजे अविनाशचा कोंबडा. हसू नका! साधासुधा कोंबडा नव्हता तो. अस्सल असील जातीचा, आणि त्यातही नखशिखान्त पांढराशुभ्र. या रंगाच्या असीलला जाणकार 'नुरी' म्हणतात आणि तो आता औषधालाही सापडत नाही. मान ताठ, छाती पुढे, आणि चाल अशी, की लग्नात रुसलेला नवऱ्याचा मामा मांडवातून निघालाय! अविनाश मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा मॅनेजर होता. दिवसभर दुसऱ्याच्या मालात खोट काढायची, हा त्याचा पेशा. पण श्रीमंतात त्याला आजवर एकही खोट सापडली नव्हती. देशी वाण वाचवायचं वेड एकदा डोक्यात शिरलं, आणि मानेसरबाहेर एका मित्राच्या प्लॉटवर हा राजेशाही थाट उभा राहिला. गुरुग्रामच्या त्यांच्या सोसायटीत पोपट पाळायलाही बंदी, कोंबडा कुठला चालायला!

एकच दुखणं होतं. श्रीमंत एकटा होता. रंगाला रंग जुळणारी कोंबडी मिळेना. अविनाश रेवाडीपासून रोहतकपर्यंत पालथं घालून आला. स्वतःच्या लग्नासाठी तो इतका फिरला नव्हता, हे लतिका आल्यागेल्याला सांगायची. आणि मग बातमी आली! पानिपतजवळच्या चौधरी जयदीपसिंहांकडे दोन पांढऱ्या नुरी कोंबड्या होत्या. चौधरी थकले होते. पानिपतला रविवारी भरणाऱ्या देशी कोंबड्यांच्या मेळ्यात जो कुणी शुद्ध पांढरा कोंबडा घेऊन येईल, त्याला त्या देऊन टाकणार होते. कोणी आलंच नाही, तर दोघींची रवानगी पुतण्याच्या फार्मवर, तिथल्या सरमिसळ गर्दीत. म्हणजे वाण संपलंच! अविनाशला रात्रीची झोप लागेना. त्याला खरोखर वाटत होतं, की हे वाण आपल्या डोळ्यांदेखत संपलं तर आपण स्वतःला माफ करणार नाही.

"पानिपतला चाललायस, सांभाळून रे बाबा," हा विनोद ऑफिसातल्या, मराठी मंडळातल्या आणि पुण्यातल्या प्रत्येक माणसाने स्वतंत्रपणे शोधून काढला होता.

शनिवारी सकाळी श्रीमंतांची स्वारी पिंजऱ्यातून, वर चादर पांघरून, सोसायटीच्या लिफ्टने गुपचूप वर आली. संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ, मग हेअर ड्रायर, असा बेत होता. मेळ्यात न्यायच्या पक्ष्यांना अशी आंघोळ घालतातच. पण दुपारी कारखान्यातून फोन आला, अख्खी लाइन बंद पडली! अविनाश धावला. लतिकाची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी. घरात उरल्या त्या अविनाशच्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे प्रमोदिनीबाई. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त. सगळी नोकरी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहून केली, आणि तिथल्या निम्म्या मराठी घरांतली बाळं सुट्टीच्या दिवशी त्यांच्या पायांवर आंघोळ करून मोठी झाली. अविनाशने कारखान्यातून त्यांनाच फोन लावला.

"आई, मला यायला उशीर होईल. श्रीमंताला आंघोळ घालाल का प्लीज?"

"कोंबड्याला?"

"काही अवघड नाही हो! कोमट पाणी, हलका हात. लहान बाळाला घालतात ना, अगदी तशी!"

"मग मला शिकवू नका अविनाशराव," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

झालं! मराठी घरातल्या आजीला 'बाळाला घालतात तशी' म्हणून सांगितलं म्हणजे आपण नेमकी कशाला परवानगी दिली, याचा या क्वालिटी कंट्रोलवाल्याने क्षणभरही विचार केला नाही.

तो घरी परतला तेव्हा पिंजऱ्यावर सासूबाईंची जुनी मऊ नऊवारी टाकलेली होती. "नुकताच निजलाय, उठवू नका," त्यांनी बजावलं. घरभर ओव्याचा वास सुटला होता. प्रवासासाठी काहीतरी खमंग केलेलं दिसतंय, अशा समजुतीने अविनाश खूश होऊन झोपला.

सकाळी निघताना प्रमोदिनीबाई पर्स घेऊन दारात हजर!

"तुम्ही कशाला, आई?"

"इतकी वर्षं दिल्लीत काढली, पानिपत बघायचं राहिलंच. आणि त्याला गाडी लागली तर तुम्ही काय करणार आहात?"

अख्ख्या हायवेभर त्या मागच्या सीटवर पिंजऱ्यावर हात ठेवून बसल्या, नऊवारीचं टोकही कुणाला उचलू दिलं नाही. अविनाश पुढे भाषणाची तालीम करत होता. 'चौधरीसाहब, क्वालिटी पे हम कॉम्प्रोमाइज नहीं करते!'

मेळा एका बँक्वेट हॉलच्या लॉनवर भरला होता. आदल्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून लोंबकळत होत्या आणि त्यांच्याखाली पिंजरेच पिंजरे. चौधरी जयदीपसिंह एका खाटेवर बसलेले, पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा आणि पायाशी टोपलीत दोन पांढऱ्या कोंबड्या. कशा होत्या म्हणून सांगू! अविनाशला भरूनच आलं. त्याने पिंजरा मधोमध ठेवला, सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायला खाकरला आणि नऊवारी झटकन ओढली.

आत एक पिवळाधमक कोंबडा बसला होता.

नुसता पिवळा नव्हे, तेलाने तुकतुकीत! उन्हात पितळेच्या समईसारखा झळकत होता. आणि गालावर काजळाचा हा एवढा ठिपका!

"आई!" अविनाश दातांच्या फटीतून म्हणाला. "हे काय?"

"काय म्हणजे? आधी तेल लावून चोळला. मग डाळीचं पीठ, साय, हळद. मग धुरी दिली. मग तीट लावली. तुम्हीच म्हणालात ना, बाळाला घालतात तशी?"

"हळद किती घातलीत?"

"थंडीचे दिवस आहेत. जरा सढळच घातली."

अविनाश काही बोलणार, इतक्यात गर्दीतून आरोळी आली. "कोई हिलेगा नहीं!"

मेळ्याचे परीक्षक डॉक्टर विक्रांत चष्मा सावरत धावत येत होते. पिंजऱ्यापुढे त्यांनी चक्क गुडघे टेकले. "ये सुनहरा रंग! असील में ये शेड मैंने जिंदगी में नहीं देखा! और गाल पे ये काला तिल! भाईसाहब, ये लाइन आपके पास कहाँ से आई?"

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? सरळ सांगावं, की डॉक्टरसाहेब, ही सासूबाईंची कृपा. पण अविनाशभोवती मोबाइल सरसावले होते. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी चहा आणून दिला. डॉक्टरांच्या हातात मेळ्याची सोनेरी रिबन लकाकत होती. अविनाशची जीभ घसरली ती घसरलीच!

"जी, हमारे सातारा का खानदानी रंग है. पुश्तों से."

ज्या साताऱ्याला तो उभ्या आयुष्यात लग्नकार्यापलीकडे गेला नव्हता, त्या साताऱ्याचा! मग तर थांबायलाच तयार नाही. पणजोबा काय, त्यांचं खुराडं काय, कोंबड्यांना खाऊ घातलेला आंबेमोहोर काय! प्रमोदिनीबाई शेजारी उभ्या राहून जावयाकडे अशा बघत होत्या, जसं हाताखालच्या कारकुनाने साहेबाची खोटी सही मारावी.

"बढ़िया, भाई, बढ़िया," खाटेवरून जड आवाज आला. चौधरी उठले होते. "मुबारक हो. पर म्हारी मुर्गियाँ तो सफेद हैं. पीले के साथ बाँध दूँ तो नस्ल ही बिगड़ जावेगी. मैं तो सफेद मुर्गे की बाट देखूँ था." आणि त्यांनी टोपलीचं झाकण लावायला घेतलं.

रिबन एकीकडे, कोंबड्या दुसरीकडे! ज्यांच्यासाठी झोप उडवून घेतली, त्या दोघी समोर टोपलीत होत्या आणि झाकण लागत होतं.

"थांबा! म्हणजे, रुकिए! ये सफेद ही है! ये हल्दी है!"

मग डॉक्टर विक्रांत हळूच हसले. "भाईसाहब, मुर्गियाँ देखके बात बदल रहे हो? अभी तो सातारा के परदादा थे!"

"परदादा झूठ हैं! हल्दी सच है!"

"ऐसा रंग हल्दी से आता है कभी?"

"धोके दिखाता हूँ!" अविनाश गरजला. लॉनच्या कडेला नळ होता आणि नळाशी केटररच्या पोरींनी ठेवलेली कपड्याच्या साबणाची वडी. ऊन छान पडलं होतं. अविनाशने श्रीमंतांना बगलेत मारलं. श्रीमंतांनी त्याच्या मनगटाला कडकडून चोच मारली. "बघा, ओळखतो मला," तो म्हणाला. तो पिसं भिजवणार आणि साबण चोळणार, तोच प्रमोदिनीबाई ओरडल्या.

"अहो, साबण नको! अविनाशराव, साबण..."

पण ऐकतो कोण? खसाखसा फेस! आणि वाचकहो, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, हे ज्याने एकदाही स्वतःचा शर्ट धुतलाय त्याला सांगायला नको. अविनाशने तो कधीच धुतला नव्हता.

पिवळा कोंबडा बघता बघता लालभडक झाला!

"अरे बाप रे, गिरगिट!" कुणीतरी ओरडलं. एक बाई पोराला घेऊन मागे सरकली. मोबाइलवाले दुप्पट जवळ आले. डॉक्टर विक्रांतांनी रिबन गुपचूप खिशात घातली आणि ते दुसऱ्याच एका पिंजऱ्यातल्या कोंबडीची चौकशी करायला निघून गेले. नळाखाली लाल श्रीमंत, लाल हातांचा अविनाश आणि लाल फेसाचं तळं. आता रिबनही गेली, कोंबड्याही गेल्या! अविनाशला रडू यायचंच बाकी होतं. त्याने वर पाहायचं धाडसच केलं नाही.

तेवढ्यात समोर दोन जोडे येऊन थांबले. चौधरी! वाकून त्यांनी तो लाल फेस बोटावर घेतला, वास घेतला आणि मिशांतल्या मिशांत असे काही हसले, की फेटाच हलायला लागला.

"हल्दी ही है! मन्ने घरवाली की ब्याह की हल्दी वाली चुन्नी ऐसे ही साबण में डाल दी थी. सारी लाल! आज तक मन्ने ताना मारे है." त्यांनी श्रीमंतांचा पंख उचलून आतली कोरडी, न भिजलेली पिसं पाहिली. लख्ख पांढरी! मग पाय पाहिले, चोच पाहिली, मान पाहिली. चेहरा गंभीर झाला. "असली है. बिल्कुल असली. पर ये तेल की मालिश किसने करी?"

अविनाश घाईघाईने उठला. "जी, वो गलती से..."

"मैंने की," प्रमोदिनीबाई पुढे आल्या. ऑफिसात फाइल मागवावी तशी त्यांनी टर्किशचा पंचा पर्समधून काढला, श्रीमंतांना त्यात गुंडाळलं आणि उन्हात खुर्चीवर बसून मांडीवर घेतलं. श्रीमंतांनी डोळे मिटले, मान त्यांच्या दंडावर टाकली आणि घशातून समाधानाचा कुर्र आवाज काढला. "पहले तेल, फिर बेसन-हल्दी, फिर अजवाइन का धुआँ. हमारे यहाँ बच्चों को ऐसे ही नहलाते हैं."

चौधरी बघतच राहिले. डोळ्यांत पाणी आलं म्हाताऱ्याच्या! "म्हारे दादाजी असील की ऐसे ही मालिश करते थे, माताजी. रोज. गोदी में लेके, बालक की तरह. आजकल के छोरे तो फोटो खींचे हैं, बस. असली असील की पहचान ही ये है, के भरोसे का हाथ मिले तो बालक बन जावे." ते वळले, खाटेपाशी गेले, टोपली उचलून घेऊन आले आणि दोन्ही हातांनी, पोरीची पाठवणी करावी तशी, प्रमोदिनीबाईंच्या पायाशी ठेवली. "ये दोनों आपकी. नस्ल अब आपके हाथ में है. किसी और को मैं देता भी नहीं."

वाण वाचलं! अविनाशला वाटलं, उडी मारावी, चौधरींना मिठी मारावी! लाल हात पँटला पुसत तो पुढे झाला आणि सगळ्या मोबाइलांकडे बघत तयार झाला. शेवटी इतके महिने वणवण केली ती कुणी? श्रीमंताला वाढवलं ते कुणी? आता ओळख करून दिली जाणारच होती.

चौधरींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि प्रमोदिनीबाईंना आदबीने विचारलं, "माताजी, ये जो सातारा की कहानी सुना रहा था... ये कौन है?"

प्रमोदिनीबाईंनी क्षणभर जावयाकडे पाहिलं. लाल मनगट, लाल शर्ट, कोपरापर्यंत फेस. मांडीवरच्या श्रीमंतांची झोप मोडू नये म्हणून त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "ये? ये गाडी चलाते हैं."

अविनाशने खिशातून किल्ली काढली आणि मुकाट्याने गाडी आणायला गेला.