शाल, श्रीफळ आणि लेथ

यंत्र बंद असेपर्यंत माणूस सुरक्षित असतो, हे औद्योगिक सुरक्षाशास्त्राचे पहिले तत्त्व आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तळवलीच्या अलीकडे, मिठाच्या जुन्या गोदामात १९७६ साली निघालेल्या आमच्या महाविद्यालयाने तेच शेवटचेही तत्त्व मानले आणि मधल्या तत्त्वांचा त्रास वाचवला. संस्थेचे पूर्ण नाव औद्योगिक तंत्रविज्ञान, कार्यस्थळ सुरक्षा व तंत्राध्यापन महाविद्यालय. (फाटकावरच्या पाटीत ते मावेना, तेव्हा 'सुरक्षा' हा शब्द गाळण्यात आला.)

तीन वर्षांची पदवी घेतली की विद्यार्थ्याला दोन वाटा मोकळ्या होत. कारखान्यात सुरक्षा अधिकारी व्हावे, किंवा दुसऱ्यांना सुरक्षा अधिकारी बनवणारा शिक्षक व्हावे. दुसऱ्या वाटेला गर्दी जास्त, कारण तिच्यात कारखाना लागत नसे.

प्राचार्य श्यामसुंदर टिपणीस हे शिस्तीचे गृहस्थ. कार्यशाळेत लोखंड कातायचा एकुलता एक लेथ होता. तो बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याची मोटर काढून आपल्या कपाटात ठेवली. प्रात्यक्षिकाच्या वेळी दोन विद्यार्थी पट्टा हाताने ओढीत, तिसरा लोखंड धरी आणि चौथा तोंडाने आवाज काढी. (आवाजाला गुण नव्हते.) डोळ्यांवर लावायचे बारा चष्मेही ओरखडे पडू नयेत म्हणून त्याच कपाटात होते. सात वर्षांत एकही अपघात झाला नाही. असा विक्रम जर्मनीतही नसेल, असे प्राचार्य दरवर्षी स्नेहसंमेलनात सांगत. जर्मनीकडून त्याचे खंडन कधी आले नाही.

अभ्यासक्रमही विचारपूर्वक आखलेला होता. पहिल्या वर्षी हेल्मेटचा इतिहास, दुसऱ्या वर्षी अपघातानंतर भरायचे अकरा नमुने. यंत्र बंद कसे करावे हे तिसऱ्या वर्षी, आणि तेही ऐच्छिक. त्याऐवजी 'भित्तिपत्रकांतील रंगसंगती' घेता येई, आणि आम्ही सगळ्यांनी तीच घेतली होती.

सगळ्यांनी म्हणजे एक सोडून. भगवान साळवे हे दिवसा आमच्या कार्यशाळेचे परिचर आणि संध्याकाळी आमचे वर्गबंधू होते. मूळचे मराठवाड्याचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्याच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये डाव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हा ते इकडे झाडलोट करायला आले. चाळिशीत त्यांनी पदवीला नाव घातले. पदवी मिळाली की त्यांना निदेशक करायचे असे संस्थेने लेखी दिले होते. ज्या हाताने फरशी पुसली त्याच हाताने पोरांना यंत्र शिकवायचे, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. आम्ही त्यांना साळवेमामा म्हणत असू. मला लोखंड घासायची कानस धरायला त्यांनीच शिकवले. (त्या विषयात मला त्यांच्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले, कारण माझे अक्षर चांगले आहे.)

१९८३च्या फेब्रुवारीत, आमच्या शेवटच्या परीक्षेला महिना उरला असताना, विद्यापीठाची समिती कायम संलग्नतेसाठी येणार असल्याचे पत्र आले. पत्रात 'यंत्रे चालू स्थितीत दाखवावीत' अशी एक अट होती. शिक्षणक्षेत्रात अशा आडमुठ्या अटी घालणारे लोक असतात. मोटर कपाटातून निघाली. ती कशी बसवायची हे प्राध्यापकांपैकी कोणालाच ठाऊक नसल्याने साळवेमामांनी बसवली. मग त्यांनी प्राचार्यांना विनंती केली की स्विचची पेटी तेवढी उघडी ठेवावी. प्राचार्यांनी समजावले की पेटीला कुलूप नसले तर कोणीही येऊन यंत्र बंद करील. किल्ली त्यांच्याच खिशात राहिली.

समिती आली. आपल्याकडे पाहुण्याला शाल पांघरल्याशिवाय काही दाखवायची पद्धत नाही, आणि पांघरलेली शाल यजमानासमोर लगेच काढायचीही नाही. तेव्हा अध्यक्षमहाशय नवी कोरी झालरीची शाल सावरत लेथजवळ आले. प्राचार्यांनी यंत्र चालू केले, पेटीला कुलूप लावले, आणि 'सुरक्षेची परंपरा' या विषयावर बोलू लागले. अध्यक्ष कौतुकाने वाकले. शालीची झालर फिरत्या चाकात गेली.

चाक शाल गुंडाळू लागले आणि शालीबरोबर अध्यक्षही. एक्केचाळीस विद्यार्थी, सहा प्राध्यापक आणि समितीचे दोन सदस्य शिकवल्याप्रमाणे शांत राहिले. प्राचार्य किल्ली शोधू लागले. ती कोटात होती आणि कोट त्यांनी भाषणापूर्वी काढून कार्यालयात पाठवला होता. साळवेमामांच्या हातात सत्काराचे तबक होते. त्यांनी नारळ उचलला आणि प्लायवूडच्या पेटीवर दोन घाव घातले. पेटी फुटली, नारळही फुटला, आत हात घालून त्यांनी बटण बंद केले, आणि यंत्र थांबले तेव्हा अध्यक्षांची हनुवटी चाकापासून चार बोटांवर होती. (आमच्या बोटांनी.)

चहा वेळेवर झाला.

पुढचे काम संस्थेच्या चौकशी समितीचे. अपघात झाला असे म्हणावे तर संलग्नता जाणार, आणि संलग्नतेबरोबर आमच्या एक्केचाळीस पदव्याही. अध्यक्षांनी लेखी कळवले की शाल जरा ओढली गेली इतकेच, सत्कार मात्र भरघोस होता. लेथवर वाकून शालीसकट आत जाणारा माणूस म्हणून आपली नोंद व्हावी असे कोणत्याही विद्वानाला वाटणार नाही. तेव्हा अपघात झालाच नाही, हे सिद्ध झाले. आणि जो झालाच नाही तो साळवे यांनी टाळला कसा, याचे उत्तर साळवे यांना देता आले नाही. उरला तो केवळ उपद्रव: संस्थेची पेटी फोडणे, अधिकार नसताना यंत्र बंद करणे, प्राचार्यांचे भाषण तोडणे, आणि पाहुण्यांनी स्वीकारण्यापूर्वीच श्रीफळ वाढवणे. शिक्षा म्हणून अंतिम परीक्षेला बसण्यास कायमची मनाई ठरली. मात्र एका जरी साक्षीदाराने लेखी दिले तर फेरविचार होईल, अशी तरतूद न्यायबुद्धीने ठेवलेली होती. मुदत शुक्रवारपर्यंत.

साळवेमामा कागद घेऊन एकेकाकडे गेले. नंदकिशोरचे लग्न ठरले होते, आणि मुलगी पदवीधराला दिली होती. अरुणाचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. सगळ्यांचीच काही ना काही अडचण होती आणि ती खरी होती. माझ्याकडे ते सर्वांत शेवटी आले. मीच तेवढा उरलो होतो म्हणून, की त्यांनी मला भरवशाचा म्हणून राखून ठेवले होते, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचे धाडसही मी केले नाही.

"तुमी तर माज्या बाजूलाच व्हते," ते म्हणाले. "बटन म्या बंद केलं, एवढंच लिवा. त्ये वाचले-बिचले काय लिवू नका."

मी म्हणालो की त्या क्षणी माझे लक्ष नारळाकडे होते. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, मला परीक्षेला शुभेच्छा दिल्या, आणि कानस उलटी धरू नका असे बजावले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. (रात्री गेले.)

शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकही सही आली नाही. विद्यापीठाच्या समितीच्या अहवालात 'सुरक्षाव्यवस्था अनुकरणीय' असा शेरा आला, संलग्नता कायम झाली, आणि आम्ही एक्केचाळीसही जण पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो. निदेशकाच्या जागेसाठी पदवीधर हवा होता. ती जागा मला मिळाली.

साळवेमामांनी पदवीदान समारंभाला खुर्च्या मांडल्या आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. हल्ली ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात वजनकाट्यावर असतात. दोनदा भेटले. दोन्ही वेळा त्यांनीच आधी नमस्कार केला आणि मुलांना यंत्र चालवायला देता का असे विचारले. मी हो म्हणालो. मोटर पुन्हा कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडे असते, आणि गेली सहा वर्षे आमच्याकडे एकही अपघात नाही.

हे वाचून तुम्हाला आम्हा एक्केचाळीस जणांचा राग आला असेल, आणि तिथे आपण असतो तर सही केली असती असेही वाटले असेल. ते साहजिक आहे. त्या आठवड्याच्या सोमवारी आम्हालाही अगदी तसेच वाटत होते. तुमच्याकडे अजून कोणी कागद घेऊन आलेले नाही, एवढाच आपल्यातला फरक.