जुळत्या कपबशीचा नियम

वादळ कुणाचीही गय करत नाही. त्यामुळे गय करण्याचं सगळं काम शेवटी शासनावर येऊन पडतं, आणि शासनाला कुठलंही काम घाईत करण्याची सवय नाही. ज्याचं छप्पर उडालं त्याला मदत द्यावी, हे ऐकायला सोपं वाटतं. पण छप्पर उडालं म्हणजे माणूस अडचणीत आलाच, असं कुठे आहे? काही माणसं मुळातच अडचणीत असतात; त्यांना वादळाचा फायदा घेऊ देणं बरं नाही. काही माणसं छप्पर उडूनही अडचणीत येत नाहीत. त्यांना मदत देऊन लाजवणंही बरं नाही.

हा बारकावा सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात आला, ते गृहस्थ वादळग्रस्त साहाय्य कार्यालयातून बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. गल्लीत त्यांना सगळे नियमकाका म्हणत. (तोंडावर. पाठीमागे काय म्हणत याची नोंद उपलब्ध नाही.)

नोकरीत असताना एका दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, काकांनी एक नियम लिहिला: पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्याला ज्या घरात चहा मिळतो, त्या घरात अडचण नसते. कारण उघड आहे. चहा म्हणजे दूध आलं, साखर आली, गॅस आला आणि मुख्य म्हणजे उत्साह आला. नियमाला पोटनियम होते. नुसतं पाणी दिल्यास अडचण 'तीव्र'वरून 'सौम्य' होई. चहा वेगवेगळ्या कपांत आल्यास घर 'बऱ्यापैकी सुस्थितीत'. जुळत्या कपबशीत आल्यास 'अडचण नाही', आणि फाईल बंद. बिस्किटं आल्यास त्या घराची मागची सात वर्षांची प्रकरणं उकरून काढावीत असंही काकांनी सुचवलं होतं, पण वरिष्ठांनी ते खोडलं. वरिष्ठांना बिस्किटं आवडत.

नियम लागू झाला त्या वर्षी वादळं तीन आली आणि अडचणीतली घरं निम्म्याने घटली. काकांना मानपत्र मिळालं, शिवाय भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी मागच्या खोलीत लावलं, कारण त्याची टिकटिक फार मोठी होती आणि त्या खोलीत राहणाऱ्या अक्काला कमी ऐकू येई.

यंदाच्या वादळात त्या खोलीचे सगळे पत्रे उडाले. घड्याळ जागच्या जागी राहिलं आणि वेळही बरोबर दाखवत राहिलं.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आईच्या मागे तिनेच काकांना वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती स्वयंपाकघरात, सिलिंडर आणि तांदळाच्या डब्याच्या मध्ये झोपत होती. तक्रार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. महिन्याभरात छप्पर झालं नाही तर आपण वृद्धाश्रमात जाऊ, एवढंच ती म्हणाली होती, आणि म्हणताना तिने बॅग भरायला घेतली होती. नव्या छपराइतके पैसे पेन्शनीतून उभे राहणं शक्य नव्हतं, म्हणून काकांनी अर्ज केला.

अर्ज चौदा पानी होता. प्रश्न क्रमांक नऊ असा होता: 'वादळापूर्वी आपण सुखी होता काय? असल्यास पुरावा जोडावा.' हा प्रश्न कुठल्या गाढवाने काढला असेल, असं काका मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे मसुदा तयार करणाऱ्याचं नाव छापलेलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळे काकांनी पुढचे पाच प्रश्न मनातल्या मनात वाचले.

पाहणीची तारीख आली तशी त्यांनी घराला अडचणीचं प्रशिक्षण दिलं. पडदे काढले. आरामखुर्ची शेजाऱ्यांकडे पाठवली. अंगात घालायला फाटका शर्ट शोधला, पण अक्का फाटलेलं काही घरात राहू देत नसल्याने तो मिळाला नाही. जरा दुःखी दिसावं अशी विनंती अक्काला करण्यात आली.

"मला अडचण आहे ना? मग ती दिसायला कशाला हवी?" असं म्हणून तिने ठेवणीतली साडी नेसली.

खरी अडचण काकूंची होती. "घरी आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

"मदत मंजूर झाली म्हणतील," काका म्हणाले. त्यांनी कपबशांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या सहा कपबशा अक्काने त्यांच्या लग्नात शिलाईच्या पैशांतून घेतल्या होत्या. इतक्या वर्षांत एकही फुटली नव्हती, ही काकूंची शिस्त आता प्रकरणाच्या मुळावर आली होती.

भर दुपारी पाहणी अधिकारी आली. ती काकांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी होती. तिने मागच्या खोलीतून आभाळ पाहिलं, भिंती मोजल्या, घड्याळाची नोंद 'चालू' अशी घेतली आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभ्याउभ्या लिहू लागली. लिहिता लिहिता तिने भिंतीला हात टेकला.

"अगं, चेहरा किती उतरलाय तुझा," अक्का म्हणाली. "सकाळपासून पोटात काही आहे का?"

"नाही आजी. पाहणीला गेलं की कुणी काही देत नाही," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, अहवाल दिल्यासारखं. "नऊ दिवसांत एक्केचाळीस घरं झाली. आम्ही गल्लीत शिरलो की लोक गॅस बंद करतात. परवा एका बाईंकडे पाणी मागितलं, तर म्हणाल्या, मॅडम, आमची अडचण तीव्र आहे, पाण्याने सौम्य होईल."

काकूंनी काकांकडे पाहिलं. अक्काने पाहिलं नाही, ते काकांना जास्त लागलं. पत्रे नसल्यामुळे घड्याळाची टिकटिक आता सगळ्या घरात ऐकू येत होती.

काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी स्वतः चहा टाकला. तरीही बत्तीस वर्षांची सवय एका चहात जात नाही. त्यांनी हळूच स्टीलचा पेला काढला. पेल्याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. काकूंनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हात भाजतील पोरीचे. कपाट उघडा."

त्यांनी उघडलं.

ती दोन कप प्यायली. अक्काने आपल्या डब्यातली बिस्किटं पुढे केली, तीही तिने खाल्ली. मग तोंड पुसून तिने कागद हातात घेतला आणि खालमानेने विचारलं, "सर, कपाच्या रकान्यात काही लिहिलं नाही तर चालेल ना?"

चालणार होतं. अक्काचं छप्पर त्या रिकाम्या रकान्यात होतं. पण काकांना तेवढ्यात एक घर आठवलं. अर्धी भिंत पडलेली, आणि घरातली बाई शेजारून दूध आणि शेजारच्याच कपबशा मागून आणायला धावलेली. काकांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवून 'अडचण नाही' असं लिहिलं होतं. चहा चांगला झाला होता. काकांना आपली स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"लिही," ते म्हणाले. "जुळती होती असं लिही. आणि 'कपबशी' एकच शब्द असतो, तोडू नकोस."

फाईल बंद झाली. त्याच संध्याकाळी काकांनी आपली खाट मागच्या खोलीत नेली, वर प्लास्टिक बांधलं आणि आपली जागा अक्काला दिली. अक्काने बॅग रिकामी केली आणि सगळ्यांत आधी त्यांचा शर्ट मागून घेतला. प्लास्टिक बांधताना तो अखेर फाटला होता. पुढे काकांनी अपील केलं. अर्जदार स्वतःहून उघड्या खोलीत राहायला गेले असल्याने त्यांची अडचण ऐच्छिक आहे, असं उत्तर आलं. नियमच रद्द करा, असंही त्यांनी लिहून पाहिलं. मसुदाकार निवृत्त झाल्याने नियमात आता बदल संभवत नाही, असं त्याचंही उत्तर आलं. दोन्ही उत्तरांची भाषा निर्दोष होती, हे काकांनी मान्य केलं.

त्या मुलीने पंधरा दिवसांत राजीनामा दिला. त्यामुळे कार्यालयात पाहणी अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. लेखी परीक्षा नाही. वरच्या गोष्टीत काकूंनी पेला काढून घेतला, तेव्हा ज्या वाचकांच्या मनात 'अरेरे, पेल्यातच द्यायचा होता' असं आलं, त्यांची निवड झाली आहे, असं समजावं. सोमवारी रुजू व्हावं. पाणी घरून आणावं.