रेड्याचा कैवारी

सुखदेवभाऊंच्या दुकानात फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकायचा असेल तर आधी त्यांचा डाव संपेपर्यंत बाकावर बसावं लागतं. डाव संपला की ते का हरले हे ऐकावं लागतं. मग पंप कोणाचा, बिघाड काय, असल्या किरकोळ गोष्टी. वरवट बकालच्या स्टँडसमोर पंपदुरुस्तीचं हे एकच दुकान, त्यामुळे गिऱ्हाईक रुसून जाणार तरी कुठे? एकदा एक जण कपाशीवर तुडतुडे पडले म्हणून घायकुतीला येऊन उभा होता. "भाऊ, नोजल तेवढं पाहा ना." भाऊंनी मोबाइलवरची नजर न काढता एक बोट वर केलं.

"थांब बे. रेडा उतरला."

मी संग्रामपूरच्या शाळेत दुपारच्या पाळीत इंग्रजी शिकवतो आणि वरवटला राहतो. एस.टी.ची वाट पाहायला त्या बाकाइतकी सावलीची जागा दुसरी नाही, म्हणून मी तिथे बसायला लागलो. मला इंग्रजी येतं हे भाऊंना तिसऱ्या दिवशी कळलं आणि माझी साडेसाती सुरू झाली.

खेळ म्हणाल तर मोबाइलवरचा पत्त्यांचा. हुकूम-बदामवाला नव्हे. यात राक्षस, जादूगार, जनावरं असे शेकडो पत्ते असतात. त्यातले तीस निवडून जुडी बांधायची आणि जगात कुठेतरी बसलेल्या दुसऱ्या रिकामटेकड्याशी लढायचं. प्रत्येक पत्ता टाकायला काही गुण खर्च होतात. कंपनीनं त्या गुणांना एक लांबलचक इंग्रजी नाव दिलंय. भाऊ त्याला 'पाणी' म्हणतात. जुडीला ते 'पेरा' म्हणतात. आणि दर दोन-तीन महिन्यांनी कंपनी काही पत्ते कमजोर आणि काही तगडे करते, त्याला ते 'फवारणी' म्हणतात. शहरातली पोरं या खेळावर तासतासभर व्हिडिओ काढतात म्हणे. त्यांच्यापैकी एकालाही भाऊंचं एक वाक्य कळणार नाही, याची मी लेखी हमी देतो.

"ह्या जादूगाराले तीन पाणी लागते अन् मारते किती? दोन! बुड सडलेल्या तुरीसारखा उभा हाय नुसता. अन् रेड्याले सहा पाणी, मारते आठ, वरून मरतानी समोरच्याचे दोन पत्ते खाऊन जाते. हा काय न्याय झाला काय, सर?"

रेडा म्हणजे एक काळा, शिंगाळ, डोळ्यांतून आग ओकणारा पत्ता. भाऊंच्या आयुष्यातलं सगळं वाईट या रेड्यापासून सुरू होतं. दुपारी एकच्या डावात रेडा त्यांना रोज तुडवायचा आणि रोज ते त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मग माझ्याकडे वळायचे. "लिहा, सर."

मी कंपनीला आजवर चार पत्रं लिहिली आहेत. मजकूर भाऊंचा, भाषांतर माझं. पहिल्या पत्रात मागणी अशी होती की कंपनीच्या साहेबांनी प्रत्यक्ष येऊन रेड्यानं केलेल्या नुकसानीचा पंचनामा करावा. पंचनाम्याला इंग्रजीत काय म्हणतात यावर मी एक अख्खा रविवार घालवला. पत्राच्या शेवटी 'प्रत माहितीस्तव : तालुका कृषी अधिकारी' असंही टाकायचं होतं. ते मी गुपचूप गाळलं. माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.

आता इतकं ज्ञान असलेला माणूस जिंकत तरी असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण भाऊंच्या तीस पत्त्यांत चार पत्ते हमखास टाकाऊ असतात. एक ससा, एक भिकारी, दोन बेडूक. मी विचारलं, हे काऊन ठेवता? तर उत्तर आलं, "ते धुऱ्याचे पत्ते होत."

हे समजायला थोडं शेतात जावं लागेल. बीटी कपाशीच्या बियाण्यासोबत बिगर-बीटीची एक लहान पुडी मिळायची. ती वावराच्या कडेकडेनं, म्हणजे धुऱ्यानं, लावायची. अळीनं त्या साध्या झाडांवर जगावं, म्हणजे ती बीटीला सरावत नाही आणि जहाल होत नाही, असा त्यामागचा हिशोब. आमच्या सगळ्या पंचक्रोशीनं ही पुडी उकिरड्यावर फेकली. ती इमानेइतबारे पेरणारा माणूस एकच निघाला, आणि तो कोण हे सांगायची गरज नाही.

"सारा गाव एकच बियानं लावते, सारी दुनिया एकच रेडा लावते," ते पाना आपटत म्हणायचे. "मंग अळी नाई येनार तं काय पाव्हने येतीन? म्या तं चार पत्ते धुऱ्यानं लावतो. हारलो तं हारलो, पन नियमानं हारलो!"

त्या पुडीनं भाऊंना खेळात फक्त हरवलं. शेतात मात्र तिनं त्यांचा भाऊ तोडला. थोरले जनार्दनदादा हे त्यांचे धुरेकरी, म्हणजे दोघांची वावरं एकाच धुऱ्याला लागून. ज्या साली गुलाबी बोंडअळीनं सगळा तालुका पोखरला, त्या साली दादांच्या कपाशीत एक बोंड धड राहिलं नाही. उभं पीक उपटताना दादांची नजर धुऱ्यावरच्या त्या साध्या झाडांवर गेली. "तूच अळी पोसली अन् माह्या वावरात धाडली," असं ते चार माणसांत बोलले. अळी काही धाकट्याला विचारून आली नव्हती. पुडी फेकणाऱ्यांच्या वावरातही ती तितकीच होती. पण दादांना राग काढायला काहीतरी हवं होतं आणि ते हाताशी सापडलं. भाऊही उलटून नको ते बोलले. तेव्हापासून बोलणं बंद. घरं तीन गल्ल्यांवर, पण भाच्याच्या लग्नात दोघं दोन वेगळ्या पंगतींना जेवले. हे मला गावानं सांगितलं. भाऊंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही आणि त्यांच्यासारख्या बडबड्या माणसाचं ते गप्प राहणं मला खटकायचं.

तर एके दिवशी कंपनीची सूचना आली. मी वाचून दाखवली. पुढच्या सोमवारी फवारणी, आणि रेड्याचा मार आठावरून चारावर. मी म्हटलं, "अभिनंदन भाऊ! सत्याचा विजय झाला. पेढे आणा."

भाऊंनी हातातला वॉशर खाली ठेवला. चेहरा असा, जणू कोणी गेल्याचा निरोप आलाय.

"लिहा, सर," ते म्हणाले. "रेड्याले हात लावू नका म्हना."

माझं डोकंच फिरलं. चार पत्रं, पंचनामा, एक रविवार, आणि आता हा माणूस रेड्याचा वकील होऊन उभा! मी सांगून टाकलं की कारण कळल्याशिवाय आता एक अक्षर लिहिणार नाही. मग शाळेतली पोरं चूक कबूल करताना बघतात तसं खाली बघत त्यांनी सांगितलं.

दुपारी एक वाजता रेडा घेऊन येणारा खेळाडू जगात कुठे बसलेला नव्हता. तो तीन गल्ल्यांवर बसलेला होता. दोन वर्षांपूर्वी दादांची सून पंप घेऊन दुकानात आली, तेव्हा बोलता बोलता म्हणाली की मामंजी हल्ली जेवण झालं की हाच खेळ खेळतात. नाव घेतलंय 'धुरेकरी'. भाऊंनी त्याच दिवशी खेळ उतरवून घेतला आणि रोज एकला त्या नावालाच डावाचं आव्हान धाडायला सुरुवात केली. स्वतःची ओळख लागू नये म्हणून फार विचार करून टोपणनाव घेतलं, 'पंपवाला'. गावात पंपवाले किती, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि त्या क्षणी मीही तो विचारला नाही.

"सून सांगे, जितून राह्यले तवरकच ते खेळतात. हारले का फोन ठेवून देतात, चार-चार दिवस पाहत नाईत," भाऊ म्हणाले. "पत्रं तं हारल्याच्या रागानं लिहाले लावली, कंपनी खरंच ऐकन असं कुठं वाटलं? दादाजवळ रेड्याबिगर दुसरं काईच नाई, सर. रेडा गेला तं दादा खेळ सोडून देईन. अन् खेळ सोडला तं मंग..." पुढचं वाक्य त्यांनी नोजलमध्ये फुंकर मारून संपवलं.

मी पाचवं पत्र लिहिलं. आजवरच्यात तेच सगळ्यात चांगलं उतरलं, कारण त्यात मी एकदाही मनातल्या मनात हसलो नाही. कंपनीनं 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असं छापील उत्तर पाठवलं आणि सोमवारी संध्याकाळी रेड्याचा मार चार केला.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. मी साडेबारापासूनच बाकावर जाऊन बसलो. उगाच खोटं कशाला बोलू, मलाही धाकधूक होती. भाऊंनी पेरा दाखवला आणि मी कपाळाला हात लावला. त्यांनी कामाचा एकूण एक पत्ता काढून टाकला होता. ससे, भिकारी, बेडूक, एक म्हातारी आणि एक रिकामी बैलगाडी.

"असा पेरा केला तं दादा जितनच," ते म्हणाले. "कंपनीनं रेडा कमी केला, तं मी सोतालेच कमी करतो."

एक वाजला. धुरेकरी आला. मी हुश्श केलं. डाव सुरू झाला आणि इतका रटाळ डाव मी जन्मात पाहिला नाही. इकडून बेडूक गेला, तिकडून कोंबडी आली. सशानं कोंबडीला ढुशी मारली, कोणीच मेलं नाही. दोन गिऱ्हाइकं पंप ठेवून चहाला जाऊन परत आली. भाऊ रेड्याची वाट पाहत होते. रेडा येईचना. पाहता पाहता दोन्हीकडचे पत्ते संपले आणि पडद्यावर एक इंग्रजी शब्द आला, जो भाऊंनी दोन वर्षांत कधी पाहिला नव्हता.

"सर, हे काय लिहून राह्यलं?"

"बरोबरी," मी म्हटलं. "कोणीच जिंकलं नाही."

"कसं नाई जितलं? दादानं रेडा काऊन नाई काढला? चारच मारले तरी तो ह्या बेडकाईले पुरून उरला असता."

"त्यांच्या जुडीत रेडा नव्हताच भाऊ. एकही चांगला पत्ता नव्हता."

"काऊन?"

 शिक्षकाला इतकं कळतं, की काही उत्तरं पोराला स्वतःला सापडू द्यावीत.   भाऊंनी पंप पुसायच्या फडक्यानं तोंड पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला.

"लहानपनी आमी गोट्या खेळो," ते म्हणाले. "मी रोज जितो. दादा एवढा मोठा, नेम असा का चिमनी पाडे, पन माह्यापाशी रोज हारे. मले वाटे, आपन लय पोचलेले खेळाडू हाव. तो मुद्दाम हारे, सर. मी रडू नये म्हनून."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता," सुखदेवभाऊ म्हणाले.